‘ओटीटीवर आला की सांगा’

आज सकाळी आमच्या महाविद्यालयातील मित्रांच्या व्हॉट्सॲप गटावर एकाने येत्या शुक्रवारी प्रदर्शित होणाऱ्या एका मराठी चित्रपटाचे पोस्टर टाकले. दुपारपर्यंत त्याखाली अंगठ्यांची रांग लागली आणि ज्यांनी शब्द लिहिण्याची तसदी घेतली, त्या जवळजवळ सर्वांनी एकच वाक्य लिहिले: ‘ओटीटीवर आला की सांगा.’ ही मंडळी परकी नाहीत. २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा याच गटावर अभिनंदनाचा पूर आला होता, आणि दुकानांच्या पाट्या मराठीत असाव्यात यासाठी यांतले काही जण रस्त्यावरही उतरले होते. म्हणूनच हे लिहितो आहे, आणि रागाने लिहितो आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका मित्राने चित्रपट केला. मी व्यवसायाने हिशेबाचा माणूस असल्यामुळे निर्मितीचा जमाखर्च माझ्याकडे आला, त्यामुळे त्या चित्रपटातील संवाद मला आज आठवत नसले तरी व्हाउचर मात्र आठवतात. मित्राने गावाकडचा प्लॉट विकला, उरलेली रक्कम व्याजाने उचलली आणि ठरलेल्या मुदतीत चित्रीकरण संपवले. खरी कसोटी चित्रपट पूर्ण झाल्यावर लागली. एका ओटीटी कंपनीच्या खरेदी विभागातील गृहस्थांनी चित्रपट पाहून तोंडभर कौतुक केले आणि ‘थिएटरमध्ये कसा चालतो ते पाहू, मग भावाचे बोलू’ असे सांगितले. चित्रपटगृहवाल्यांनी सांगितले की ओळखीचा चेहरा नाही आणि ओटीटीचा करारही नाही, मग तुम्ही जाहिरात कशाच्या जोरावर करणार, तेव्हा सकाळचा एखादा खेळ देऊ. शेवटी हाती आले ते सकाळी सव्वानऊचे खेळ, तेही नोकरदार माणसाने कामाच्या दिवशी पाहायचे. डिजिटल प्रोजेक्शनचे शुल्क, ज्याला धंद्यात व्हीपीएफ म्हणतात, ते मात्र निर्मात्याच्याच खिशातून गेले. खुर्च्या भरोत अथवा न भरोत. सोमवारी निम्मे खेळ उतरले, कारण काय, तर ‘ऑक्युपन्सी नाही’.

ओटीटीवर येईल तेव्हा पाहू असे म्हणणाऱ्यांनी एवढे तरी समजून घ्यावे, की चित्रपट ओटीटीवर आपोआप येत नसतो. २०१६ मध्ये नेटफ्लिक्स आणि प्राइम व्हिडिओ भारतात आले, २०२० मध्ये टाळेबंदीत चित्रपटगृहे बंद पडली आणि त्या काळात या कंपन्यांनी मिळेल ते विकत घेतले. तेव्हा आपल्या निर्मात्यांना वाटले की आता डिजिटल हक्कांतच अर्धा खर्च निघणार. आज तसे राहिलेले नाही. आता आधी तिकीटबारीचा आकडा दाखवा असे म्हणतात, नाहीतर अमुक मिनिटे पाहिले गेले तर तमुक पैसे अशा हिश्श्याच्या अटीवर चित्रपट ठेवून घेतात. म्हणजे आपण घरी बसून ज्याची वाट पाहत असतो त्याची किंमत आपण घरी बसल्यामुळेच पडते, आणि पुष्कळदा तो येतच नाही. माझ्या मित्राचा चित्रपट आजही कुठेच उपलब्ध नाही. एका हार्ड डिस्कवर आहे, आणि तिची एक प्रत माझ्या कपाटात आहे.

ओटीटीने काहीच दिले नाही असे मी म्हणणार नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ला २०२० मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात पटकथेचे पारितोषिक मिळाले आणि पुढच्या वर्षी तो नेटफ्लिक्समुळे जगभर घरोघरी पोहोचला, हे मान्य करावेच लागते. पण असे भाग्य व्हेनिसहून परतलेल्या चित्रपटाला लाभते. तालुक्याच्या ठिकाणी बेतलेल्या एखाद्या साध्या, सुबक चित्रपटाला कोणते व्हेनिस?

आता शासनाकडे वळतो. राज्य शासन दर्जेदार मराठी चित्रपटांना अनुदान देते, समिती चित्रपट पाहते, अ आणि ब असे दर्जे ठरवते. हेतूबद्दल शंका नाही, आणि या पैशामुळे काही चांगल्या निर्मात्यांना दुसरा चित्रपट करता आला, हेही खरे. पण हे अनुदान चित्रपट पूर्ण होऊन तपासला गेल्यानंतरचे असते आणि सावकाराचे व्याज पहिल्या दिवसापासूनचे, हा साधा हिशेब कोणीतरी मांडायला हवा. त्याहून वाईट म्हणजे, अनुदान चित्रपट बनवल्याबद्दल मिळते. तो कोणी पाहिला की नाही याच्याशी त्याचा संबंध क्षीण असतो. परिणामी आपल्याकडे असे निर्माते तयार झाले ज्यांच्या लेखी प्रेक्षक दोनच: एक परीक्षण समिती आणि दुसरा ओटीटीचा खरेदी अधिकारी. एकाला सामाजिक आशय हवा, दुसऱ्याला पहिल्या दहा मिनिटांत खून हवा. या दोघांना खूश करायला निघालेले चित्रपट कसे दिसतात ते तुम्ही पाहिलेच आहेत, नावे घेत नाही.

२०१५ मध्ये मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपट ‘प्राइम टाइम’मध्ये दाखवण्याचे बंधन घातले गेले, तेव्हा आपण सर्वांनी टाळ्या वाजवल्या. आधी संध्याकाळच्या वेळेची भाषा होती. मग प्राइम टाइम म्हणजे दुपारी बारा ते रात्री नऊ असे ठरले. दुपारी बाराला प्राइम टाइम म्हणायचे असेल तर सव्वानऊला ब्राह्ममुहूर्त म्हणावे लागेल. नियम असूनही कोणता चित्रपट, किती दिवस, कोणत्या उपनगरात लावायचा हे साखळीच ठरवते, आणि २०२३ मध्ये देशातल्या दोन सर्वांत मोठ्या साखळ्या, पीव्हीआर आणि आयनॉक्स, एक झाल्यानंतर एकट्यादुकट्या निर्मात्याने घासाघीस करायची तरी कोणाशी?

मला पुन्हा मित्राच्या हिशेबाकडे यावे लागते, कारण त्या सगळ्या तोट्यात नफ्याचे एकच पान आहे. खेळ उतरल्यानंतर चिडून त्याने चित्रपट एका तालुक्याच्या गावी नेला. तिथले जुने एकपडदा चित्रपटगृह केव्हाच बंद पडून त्याचे गोदाम झाले होते, म्हणून त्याने नगरपालिकेचे सभागृह भाड्याने घेतले, प्रोजेक्टर आणि ध्वनियंत्रणा शहरातून मागवली आणि आदल्या दिवशी रिक्षावर भोंगा लावून गावभर पुकारा केला. मी गल्ल्यावर बसलो होतो. संध्याकाळचा खेळ भरला, बाहेर उभ्या असलेल्या बायकांनी रात्रीचा खेळ आहे का असे विचारले, आणि तोही भरला. भाडे, यंत्रणा, रिक्षा, सगळे वजा जाता पैसे उरले. त्या गावात ना ओळखीचा चेहरा लागला, ना ओटीटीचा करार. पडदा लागला.

हे एकट्या माझ्या मित्राचे नशीब नव्हे. २०१६ मध्ये ‘सैराट’ने जे केले ते मुंबई-पुण्याच्या मल्टिप्लेक्सच्या बळावर केले असे अजूनही ज्यांना वाटते, त्यांनी तेव्हा ग्रामीण भागात मध्यरात्रीनंतरचे खेळ कसे लावावे लागले होते ते आठवावे. जत्रांमधल्या तंबूतल्या टुरिंग टॉकीजने दोन-तीन पिढ्यांना चित्रपट दाखवला. ज्या महाराष्ट्रात १९१३ मध्ये फाळक्यांचा पहिला चित्रपट झळकला आणि १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली, त्या महाराष्ट्रात आज तालुक्याच्या गावी चित्रपट पाहायला पडदा नाही, आणि चर्चा कशाची, तर नव्या चित्रनगऱ्यांची! चित्रीकरणाच्या जागा वाढवून काय करायचे? माल तयार आहे, दुकान बंद आहे.

केरळने काय केले ते पाहा. तिथल्या राज्य चित्रपट विकास महामंडळाची स्वतःची चित्रपटगृहे आहेत, तिरुअनंतपुरममधली कैरली, श्री आणि निला ही त्यांपैकीच. शिवाय मार्च २०२४ मध्ये त्यांनी ‘सीस्पेस’ नावाचा सरकारी ओटीटी सुरू केला, ज्यात वर्षाची वर्गणी नाही, एका चित्रपटाचे ७५ रुपये द्यायचे आणि त्यातला निम्मा वाटा निर्मात्याचा. तो फार चालतो असा माझा दावा नाही, आणि सरकारी ॲप म्हटल्यावर तुमच्या चेहऱ्यावर येणारे हसू मला इथूनही दिसते. पण तिथल्या शासनाला निदान एवढे कळले आहे की चित्रपट दाखवणे हेही शासनाने मदत करण्याजोगे काम आहे.

पैसा कुठून आणायचा, असा प्रश्न येणारच, आणि त्याचे उत्तर जगाने केव्हाच दिले आहे. फ्रान्समध्ये प्रत्येक तिकिटातून १०.७२ टक्के रक्कम कापली जाते. हॉलीवूडपट पाहिला तरी कापली जाते. तो पैसा तिथल्या राष्ट्रीय चित्रपट केंद्राकडे जाऊन निर्मितीत आणि चित्रपटगृहांत परत येतो. प्रदर्शनानंतर किती महिन्यांनी चित्रपट कुठे दाखवायचा याचे वेळापत्रकही तिथे ठरलेले आहे. २०२२ च्या करारात नेटफ्लिक्सला १५ महिने थांबायला लावले. डेन्मार्कसारख्या छोट्या देशाने २०२४ पासून ओटीटी कंपन्यांच्या तिथल्या उलाढालीवर २ टक्के आकारणी लावली आणि जे डॅनिश निर्मितीत पुरेशी गुंतवणूक करणार नाहीत त्यांच्यावर आणखी ३ टक्के. डेन्मार्कची लोकसंख्या आपल्या पुणे जिल्ह्याहून कमी आहे. आपण मात्र याच कंपन्यांना कोट्यवधी घरांत शिरू दिले आणि बदल्यात एका रुपयाची अट घातली नाही.

आपल्या राज्यघटनेत हे तितके सोपे नाही, हे मला ठाऊक आहे. वस्तू व सेवा कर आल्यापासून करमणूक कर राज्याच्या हातून गेला आणि तो लावण्याचा अधिकार फक्त स्थानिक स्वराज्य संस्थांकडे उरला. पण ज्यांना करायचे असते ते वाट काढतात. तामिळनाडूने स्थानिक संस्थांमार्फत तो कर चालू ठेवला. कर्नाटकाने २०२४ मध्ये चित्रपट आणि सांस्कृतिक क्षेत्रातील कामगारांच्या कल्याणासाठी तिकिटांवर आणि वर्गणीवर १ ते २ टक्के उपकराची तरतूद करणारा कायदा संमत केला. त्यावर वाद आहेत, असू द्यात. आपल्याकडे वाद होण्याइतपतही काही झालेले नाही. इकडे सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा वस्तू व सेवा कर ५ टक्क्यांवर आला आहे आणि वरच्या तिकिटावर १८ टक्के कायम आहे, म्हणजे स्वस्त तिकिटाचे छोटे चित्रपटगृह उभे करायला याहून अनुकूल वेळ येणार नाही. ओटीटीच्या वर्गणीतून एक-दोन टक्के गोळा करावेत, त्यातून प्रत्येक तालुक्यात शंभर-दीडशे खुर्च्यांचा एक पडदा उभा करायला आणि व्हीपीएफचा भार उचलायला मदत करावी, आणि अनुदानाचा मोठा हिस्सा प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या तिकिटांशी बांधावा, इतकेच माझे म्हणणे आहे. तिकिटांशी बांधले तर थिल्लर चित्रपटांची चांदी होईल असे कोणी म्हणेल. होईल थोडी. म्हणून सगळे नाही, मोठा हिस्सा म्हटले.

आणि चित्रपटसृष्टीनेही आपल्या अंगणात पाहावे. एकाच शुक्रवारी तीन-चार मराठी चित्रपट एकमेकांच्या उरावर आणायचे आणि मग पडदे मिळत नाहीत म्हणून पत्रकार परिषद घ्यायची, हा प्रकार थांबलाच पाहिजे. हिंदीसाठी मोठ्या साखळ्या ओटीटीपूर्वी आठ आठवड्यांचे अंतर मागतात. मराठी निर्मात्यांनीही एकत्र बसून आपले अंतर ठरवावे, ते पोस्टरवर छापावे आणि पाळावे. ‘महिनाभरात मोबाईलवर येणारच आहे’ ही खात्री आपणच प्रेक्षकाला दिली असेल तर त्याने बस पकडून यावे तरी का?

इथपर्यंत लिहिताना राग थोडा ओसरला. गटावरच्या मित्रांपैकी एकीने मघाशी मला स्वतंत्र निरोप पाठवला, की घरातल्या चौघांनी मल्टिप्लेक्सला जायचे तर तिकिटे, खाणे आणि जाणे-येणे धरून महिन्याचे गणित बिघडते, आणि जवळचे चित्रपटगृह पाडून तिथे निवासी संकुल झाले. तिच्यावर मी काय रागावणार? ती माझाच मुद्दा सांगत होती. राग आहे तो ज्यांना परवडते, ज्यांच्या घराखाली मल्टिप्लेक्स आहे, जे हिंदीचा मोठा चित्रपट पहिल्या दिवशी पाहतात आणि मराठीच्या वेळी रिमोट शोधतात, त्यांच्यावर. ते कोण हे त्यांना माहीत आहे.

मित्राने कर्ज फेडले. आता तो मालिकांचे भाग दिग्दर्शित करतो, वेळेवर पैसे मिळतात, आणि दुसरी पटकथा तयार आहे का असे विचारले तर विषय बदलतो. त्या तालुक्याच्या गावाहून मात्र त्याला अधूनमधून फोन येतो, नवीन काही आणताय का म्हणून.

खाली प्रतिक्रियांत ‘आधी चांगले चित्रपट काढा, मग आम्ही येतो’ असे लिहिणारे येतीलच. त्यांना माझी विनंती आहे की त्याआधी आपल्या मूळ तालुक्याचे नाव लिहावे, तिथे आज किती पडदे चालू आहेत ते लिहावे आणि त्यांवर या शुक्रवारी कोणता मराठी चित्रपट लागला आहे तेही लिहावे. पुढचा वाद त्या उत्तरावरून घालू.