‘तीन महिने ठेवली, घोडी अजून लंगडतेच’: बिजलीच्या मालकांना उत्तर

भाऊ, नमस्कार.

लंगड्या घोड्यांचे पाय सुधारायच्या आमच्या जागेला तुम्ही अभिप्रायात एकच तारा दिला आणि लिहिलं की आम्ही बिजलीच्या नाला काढल्या, तिला गोट्यांवर चालवली, दाणा बंद केला, महिन्याचे ९,००० रुपये घेतले, ऐन लग्नसराईत घोडी घरी नव्हती आणि इतकं करूनही ती लंगडतेच. लग्नसराईचं नुकसान खरं आहे. वरातीवर ज्याचं घर चालतं त्याचे एप्रिल-मे हातचे गेले की वर्ष गेलं. माझे वडील नालबंद होते, आमच्या अंगणात वरातीचीच घोडी बांधलेली असायची, त्यामुळे हे मी लहानपणापासून पाहिलं आहे.

आधी आमची चूक. सातव्या आठवड्यात तिच्या उजव्या पुढच्या खुरात पू झाला आणि ती पाय टेकेना. डॉक्टरांनी पू काढला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, आम्ही रोज कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवून पट्टी बांधली, पाचव्या दिवशी ती उभी राहिली. दबलेलं खूर मोकळं होताना असा पू होऊ शकतो. पण तुम्हाला फोन चौथ्या दिवशी गेला, तोही तुमचा आला म्हणून. पू झाला त्याच दिवशी सांगायला हवं होतं. घोडी तुमची आहे. त्या महिन्याचे पैसे मी परत करतो आहे.

आता ती आली तेव्हाची गोष्ट. नाला बसवून तीन महिने झाले होते, हे तुम्हीच सांगितलं. साधारण सहा ते आठ आठवड्यांनी नाल काढून, खूर कापून परत बसवावी लागते, कारण खूर वाढत राहतं आणि नाल काही वाढत नाही. तिच्या खुराचं टोक पुढे लांबलं होतं, टाचा आत दबल्या होत्या आणि तळव्याच्या मधला त्रिकोणी भाग, जो रबरासारखा भरलेला असायला हवा, तो सुकून कुजला होता. नागपूरला एक्स-रे काढला, हाड मोडलेलं नव्हतं की फिरलेलं नव्हतं. डॉक्टरांनी उजवी टाच बधिर केली तेव्हा ती उजव्या पायाने नीट चालू लागली आणि डाव्याने लंगडायला लागली. तुम्ही शेजारीच उभे होता. दोन्ही टाचा दुखत होत्या, आपल्याला फक्त जास्त दुखणारी दिसत होती.

निरोगी घोडा चालताना टाच आधी टेकवतो, नाहीतर सपाट पाऊल टाकतो. टाच दुखणारा घोडा टोकावर चालतो. टोकावर चाललं की पायामागून खाली उतरणारी जाड कंडरा खुरातल्या नावेसारख्या छोट्या हाडावर जास्त घासते, दुखणं वाढतं, मग तो टाच आणखी चुकवतो. न वापरलेल्या टाचेतली धक्के झेलणारी गादीही पातळ होत जाते. नालेमुळे खूर जमिनीपासून वर उचललं जातं, तळव्याच्या मधल्या भागाला जमीन लागतच नाही. म्हणून नाला काढल्या. दर दोन-तीन आठवड्यांनी कानशीने थोडं थोडं टोक मागे घेतलं आणि तिला नदीतल्या वाटाण्याएवढ्या गोल गोट्यांवर सोडलं. गोल गोटी पायाखाली सरकते, टोचत नाही, तळव्याला सगळीकडून आधार देते. घोड्याच्या अंगणात गोल दगड पसरा म्हणजे खूर घट्ट होतं, हा सल्ला ग्रीसच्या झेनोफोन या लेखकाने २,३०० वर्षांपूर्वीच लिहून ठेवला आहे.

मे महिन्यात तुम्ही तिला आमच्या फाटकाबाहेरच्या रस्त्यावर चालवून पाहिली आणि ती कचरली. त्या रस्त्यावर फोडलेली, धारदार खडी आहे. तिथे आम्हीही तिला नेत नाही. तळवा जाड व्हायच्या आधी कुठलाही घोडा त्या खडीवर कचरतो. लंगडणं वेगळं. शेजारच्या वावराच्या धुऱ्यावर, मऊ मातीत, ती तुमच्यासमोर दुडकी चालली होती.

तीन महिन्यांत पूर्ण बरी का झाली नाही, हा तुमचा खरा प्रश्न आहे. पहिल्या दिवशी तुमच्यासमोर मी तिच्या खुरावर, केसांच्या खाली लागूनच, कानशीने बारीक रेघ मारली होती. आज ती रेघ अडीच सेंटीमीटर खाली आली आहे. खूर महिन्याला सात-आठ, फार तर दहा मिलिमीटर वाढतं. तिचं पुढचं खूर वरून खालपर्यंत आठ सेंटीमीटर आहे. म्हणजे नवीन खूर जमिनीला टेकायला नऊ-दहा महिने लागणार, मी बांधली म्हणून लवकर येणार नाही आणि तुम्ही नेली म्हणून थांबणारही नाही. रेघेच्या वरचा आणि खालचा उतार बोट फिरवून पाहा, वरचा सरळ आला आहे.

दाण्याचं म्हणाल तर गूळ आणि ज्वारी बंद केली, चारा बंद केला नाही. डोंगरातलं वाळलं गवत, थोडं हरभऱ्याचं कुटार, मीठ आणि खनिज मिश्रण तिला पोटभर मिळतं. साखर आणि पिठूळ दाणा जास्त झाला की खुराची भिंत हाडाला धरून ठेवणारा थर सुजतो, आणि तो थर सुटला तर हाडच खाली फिरतं. वरातीआधी घोडीला गूळ-ज्वारी चारायची आपल्याकडे प्रेमाने पद्धत आहे. बिजलीला ते प्रेम सोसत नाही.

मी नालेच्या विरोधात नाही. रोज तासन्‌तास डांबरावर चालणाऱ्या चांगल्या पायाच्या घोड्याला नाल लागते, माझ्या वडिलांनी तीच बसवली. अनवाणी ठेवून प्रत्येक लंगडा घोडा बरा होतो असंही मी कुणाला सांगत नाही, दोन घोडी मी पहिल्याच आठवड्यात परत पाठवली आहेत. पण बिजलीचा पाय सुधारतो आहे. आता परत नाल ठोकून, दुखणं दाबणारं इंजेक्शन देऊन तिला डीजेसमोर नाचवली तर ती पुढच्या लग्नसराईला उभी राहणार नाही, हे मला स्पष्ट दिसतं.

रविवारी सकाळी या. ऊन चढायच्या आत तिला धुऱ्यावर चालवू, तुम्ही मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि मार्चच्या व्हिडिओशेजारी ठेवून पाहा. तरीही न्यायची असेल तर खुशाल न्या, पण आधी गोठ्यात वीतभर मुरूम टाकून उंच, कोरडी जागा करा. काळ्या चिखलात ती दोन महिने उभी राहिली तर तळवा पुन्हा कुजेल. सकाळ-संध्याकाळ खूर उचलून माती काढायची. कानस घेऊन दर तीन आठवड्यांनी मी स्वतः येईन, त्याचे पैसे घेणार नाही.