तिकीट नाही म्हणजे काम नाही

आमच्या इंदूरच्या ऑफिसात प्रत्येक स्टोरीखाली, म्हणजे वापरणाऱ्याच्या एकेका मागणीखाली, तीच चार टास्क लागतात: कोडिंग, रिव्ह्यू, टेस्टिंग, रिलीज नोट. दर स्प्रिंटला, म्हणजे कामाच्या ठरावीक आठवड्यांच्या हप्त्याला, ती हाताने बनवायची. कामांची तिकिटं, म्हणजे नोंदी, आम्ही मायक्रोसॉफ्टच्या अझ्यूर डेव्हऑप्समध्ये ठेवतो. त्याची एपीआय, म्हणजे प्रोग्रामने हुकूम द्यायची खिडकी, हे काम बसल्या बसल्या करते, म्हणून मी स्क्रिप्ट लिहिली. ती चालली, आणि नेमका तोच गुन्हा ठरला.

काल नाना, म्हणजे आमचे को-ऑर्डिनेटर, शेवेची पुडी घेऊन टेबलापाशी आले.

"ही टास्क कोणी बनवली रे?"

"मीच, नाना. स्क्रिप्टने."

"'क्रिएटेड बाय'मध्ये तुझं नाव आहे. पण तेव्हा तू खाली पोहे खात होतास. मी स्वतः पाहिलं."

"स्क्रिप्ट ज्या किल्लीने आत शिरते ते टोकन माझं आहे ना, म्हणून नाव माझं येतं."

"म्हणजे तू पोहे खाल्लेस आणि टोकनने काम केलं." नानांनी दोन शेवा तोंडात टाकल्या. "बरं, स्क्रिप्ट लिहायला वेळ गेला असेल. त्याचं तिकीट?"

"नाहीये."

"तिकीट नाही म्हणजे काम नाही. काम नाही म्हणजे स्क्रिप्ट नाही. मग ही टास्क कोणी बनवली?"

"तिकीटही स्क्रिप्टनेच टाकतो."

"नको भिया, हाताने टाक. मशीनचा काय भरवसा!"

भरवशाचं म्हणाल तर मशीन हट्टी आहे, पण लबाड नाही. पाठवलेल्या मजकुराचा प्रकार, म्हणजे कंटेंट-टाइप, साधा 'अॅप्लिकेशन/जेसन' दिला की ४१५, म्हणजे 'हा प्रकार चालत नाही', तोंडावर मारते. तिला 'अॅप्लिकेशन/जेसन-पॅच+जेसन'च हवा, आणि बॉडी, म्हणजे मजकूर, हा 'ऑप', 'पाथ', 'व्हॅल्यू' अशा नोंदींचा अॅरे, म्हणजे यादी. यूआरएलमध्ये प्रकाराआधी डॉलर लागतो: $टास्क. हा यूआरएल दुहेरी अवतरणात लिहिला की बॅश, म्हणजे स्क्रिप्ट चालवणारा शेल, $टास्कला आपला व्हेरिएबल समजून गिळतो आणि मागे नुसता स्लॅश उरतो. एकेरी अवतरण घालावं. इटरेशन पाथमधला, म्हणजे टास्क कुठल्या स्प्रिंटची त्या पत्त्यातला, उलटा स्लॅश जेसनमध्ये दोनदा. पॅरेंटची, म्हणजे वरच्या स्टोरीची, लिंक '/रिलेशन्स/-' वर, प्रकार 'हायरार्की-रिव्हर्स'. 'फॉरवर्ड' लिहिलंत तर स्टोरीच टास्कचं पोर होऊन बसते. विनंती पाठवणाऱ्या कर्लला टोकन देताना युजरनेम रिकामं, पण टोकनाआधीचा कोलन विसरायचा नाही. लबाडी म्हणाल तर एकच: टोकन बाद झालं की सरळ ४०१, म्हणजे 'ओळख पटत नाही', न देता पुष्कळदा २०३ येतो, सोबत लॉगिनच्या पानाचं एचटीएमएल. २०० ते २९९ म्हणजे यश असं धरणारी स्क्रिप्ट मग खुशाल पुढे जाते.

आधी कुठल्या स्टोरींना टास्क नाहीत ते विक्यूएलने, म्हणजे नोंदी शोधायच्या तिथल्या भाषेने, शोधायचं. त्यात नुसते आयडी मिळतात. बाकीचे तपशील एका वेळी २०० च्या गठ्ठ्याने मागवायचे. हे करताना आमच्या बॅकलॉगचं, म्हणजे तुंबलेल्या कामांच्या यादीचं, खरं दर्शन घडलं. ज्या शहरात घरोघरी ओला-सुका वेगळा करून कचरागाडीत पडतो, तिथल्या इंजिनिअरांच्या बॅकलॉगमध्ये २०२१ चे बग कालच्या स्टोरींच्या मांडीला मांडी लावून बसलेत. हाताने बनवलेल्या कितीतरी टास्कना तर पॅरेंटच नाही. त्याबद्दल नाना आजवर कुणाच्या टेबलापाशी गेलेले नाहीत.

माझ्याकडे मात्र आज पुन्हा आले. तक्रार अशी, की टास्क बनली तरी मेल आली नाही, म्हणजे बनलीच नसणार. मेल दाबून ठेवणारं 'सप्रेसनोटिफिकेशन्स' खरं ठेवलं होतं, ते काढलं. दुपारी त्यांची मेलपेटी भरली, तेव्हा म्हणाले, "हे काय चालवलंयस?" पुन्हा घातलं. दोन्ही बदलांची तिकिटं मागितली आहेत, वेगवेगळी, आणि प्रत्येकात अंदाजे तास भरून. बदल होता एका शब्दाचा. कमीत कमी अर्धा तास टाक म्हणाले, शून्य बरं दिसत नाही.

स्क्रिप्टचं तिकीट मी हाताने टाकलं. त्यात नानांनी स्वीकाराची अट घातली आहे: स्क्रिप्टने बनवलेली प्रत्येक टास्क उघडून ती बनली आहे का ते तपासणे. जबाबदार म्हणून नाव माझं. बनली नसेल तर उघडायची कुठून, हे विचारलं असतं, पण त्याचंही तिकीट पडलं असतं.