तो दीडशे फुटी धबधबा

नमस्कार,

"तिबेटातल्या त्सांगपो नदीच्या वळणाचा तो जुना नकाशा म्हणजे एका निरक्षर माणसाची सांगोवांगी. त्यातला दीडशे फुटी धबधबा मुळात नाहीच," असं तुम्ही माझ्या लेखावर लिहिलंय. धबधब्याचं खरं आहे. माझीही एक चूक आहे. 'किन्थुपने काढलेला नकाशा' असं मी लिहून गेलो (तो निरक्षर माणूस म्हणजे हाच किन्थुप), ते चुकलंच. त्याने कागदावर रेघही ओढली नव्हती. तिबेटातल्या ग्याला गावापर्यंतची मोजणी 1878-79ची, सर्व्हे ऑफ इंडियाच्या नेमसिंगची. किन्थुप तेव्हा त्याचा मदतनीस होता. त्यापुढचा भाग किन्थुपच्या तोंडी हकिगतीवरून बसवला.

पण 'सांगोवांगी' हा शब्द मला मान्य नाही. ऐकीव काय होतं त्यात? 1880 साली सर्व्हेने त्याला एका चिनी लामाबरोबर पाठवलं. लामाने मध्येच त्याला गुलाम म्हणून विकलं आणि पोबारा केला. पठ्ठ्या निसटला, पण घरी न परतता नदीकडेच वळला! खुणा केलेले 500 ओंडके त्याने तयार केले आणि रोज 50 असे दहा दिवस पाण्यात सोडले. ते आसामात निघाले, तर त्सांगपो हीच ब्रह्मपुत्रा हे सिद्ध होणार होतं. आगाऊ कळवायला त्याने चिठ्ठीही लिहून घेतली होती, पण ती सर्व्हेच्या ज्या कॅप्टन हरमनसाठी होती ते तोवर हिंदुस्थान सोडून गेले होते. ओंडके कुणी पाहिलेच नाहीत.

1884 साली परतल्यावर त्याने चार वर्षांची वाट तोंडी सांगितली. ती दुसऱ्याने लिहून घेतली, मग तिचं इंग्रजी झालं. घोळ झाला तो या लिहिण्यात. ग्यालाजवळ एका ओढ्याचा उंच धबधबा आहे आणि पुढे पेमाकोचुंग इथे खुद्द नदीचा, साधारण तीस फुटांचा. लिहिताना दोन्ही एक झाले. शिवाय तिबेटात सुमारे 2,900 मीटरवर वाहणारी नदी आसामात दीडशे मीटरच्या आसपास येते, म्हणजे वाटेत प्रचंड धबधबा असणारच, अशी लोकांची खात्री होती. त्यांना तो दीडशे फुटांचा आकडा हवाच होता.

1913 साली बेली आणि मोर्सहेड हे ब्रिटिश अधिकारी तिथे गेले, तेव्हा हा घोळ सुटला. गावं आणि टप्पे बाकी किन्थुपने सांगितल्याशी बरेच जुळले. साक्षर माणसांच्या हातून बिघडलेल्या आकड्याचं खापर तुम्ही निरक्षर माणसावर फोडताय.

आता राहिला 'उपग्रह सगळी दरी दाखवतो, मग हा नकाशा कशाला' हा तुमचा मुद्दा. उपग्रह दरी दाखवतो, कबूल. पण 1880 साली तो नव्हता आणि वर गुलाम म्हणून विकलाही गेला नसता.

लेखातलं ते वाक्य दुरुस्त केलंय आणि दीडशेच्या आकड्याशेजारी 1913चा तीस फुटांचा आकडाही टाकलाय.