गेम बंद करा हो, पण पत्ता बदलायची सोय ठेवून जा

जुना गेम हौसेने इन्स्टॉल करावा, मल्टिप्लेअरवर क्लिक करावं आणि सर्व्हरची यादी कोरीच राहावी. बहुतेक जण तिथेच सोडून देतात, "जुना झाला, आता कोण खेळतंय" म्हणून. पण दरवेळी तसं नसतं. कित्येकदा खेळणारे असतात, सर्व्हरही कुणीतरी चालू ठेवलेले असतात, फक्त त्यांचा ठावठिकाणा तुमच्या गेमला सांगणारं कुणी उरलेलं नसतं.

गेमस्पाय आठवतंय? ऑनलाइन गेमना सर्व्हर शोधून देणारी सेवा. २००० नंतरच्या दशकात पीसीवर ऑनलाइन खेळलेल्यांना गेम सुरू होताना झळकणारा तो लोगो नक्की आठवेल. १९९६ मध्ये क्वेकचे सर्व्हर शोधून देणारं एक छोटं टूल होतं, त्यातून हा सगळा पसारा वाढला. बॅटलफिल्ड १९४२, बॅटलफिल्ड २, कमांड अँड कॉन्कर जनरल्स, हेलोची पीसी आवृत्ती, क्रायसिस, सगळ्यांचं ऑनलाइन याच एका खुंटीला टांगलेलं. २०१२ मध्ये ग्लू मोबाइलने ती सेवा विकत घेतली. एप्रिल २०१४ मध्ये जाहीर केलं की ३१ मेपासून होस्टिंग बंद. जेमतेम दोन महिन्यांची मुदत, आणि तीसुद्धा अशा गेमना, ज्यांच्या टीम केव्हाच दुसऱ्या कामाला लागल्या होत्या किंवा पांगल्या होत्या.

यात नेमकं काय बंद पडलं, ते जरा नीट बघा, कारण माझा सगळा मुद्दा तिथेच आहे.

बॅटलफिल्ड १९४२ घ्या. त्याचा सर्व्हर कुणीही आपल्या मशीनवर चालवू शकतो. तो सर्व्हर ठराविक वेळाने मास्टर सर्व्हरला, म्हणजे गेमस्पायच्या यादी ठेवणाऱ्या मशीनला, एक चिमुकला संदेश पाठवतो, 'मी चालू आहे, माझा आयपी (नेटवरचा पत्ता) हा, पोर्ट (त्या पत्त्यावरचं दार) हा'. याला हार्टबीट म्हणतात. तुम्ही गेम उघडला की तुमचा गेम मास्टरकडे यादी मागतो, यादीतल्या एकेका सर्व्हरला थेट विचारतो की कुठला मॅप चालू आहे, किती जण आहेत, आणि पिंग, म्हणजे उत्तर यायला लागणारा वेळ, मोजतो. त्यानंतरचं सगळं, म्हणजे गोळीबार, रणगाडे, चॅटमधली भांडणं, तुमच्यात आणि त्या सर्व्हरमध्ये. मास्टरचा काही संबंध नाही. तो फक्त पत्त्यांची वही. काही गेममध्ये तो सीडी की (विकत घेतलेल्या प्रतीचा कोड) तपासायचा, जनरल्ससारख्या गेममध्ये राउटरमागे बसलेल्या दोघांची गाठ घालून द्यायचा, एवढंच जास्तीचं.

म्हणजे अख्ख्या गेमच्या मानाने नगण्य काम. पण त्या वहीचा पत्ता गेमच्या फाइलमध्ये पक्का कोरलेला होता आणि तो बदलायची सोय कुठल्याच मेनूत नव्हती. म्हणून वही गेली आणि गेम मुके झाले.

पुढे खेळाडूंनी काय केलं, तर स्वतःच नवी वही बनवली. पर्यायी मास्टर सर्व्हर उभे केले आणि विंडोजच्या होस्ट्स फाइलमध्ये (कुठलं नाव कुठल्या पत्त्यावर न्यायचं ते तिथे लिहिता येतं) दोन ओळी घालून किंवा एक्झी, म्हणजे गेमची मुख्य फाइल, पॅच करून गेमला नव्या पत्त्यावर पाठवलं. जनरल्सवाल्यांना चाहत्यांच्याच सी अँड सी (कमांड अँड कॉन्कर) ऑनलाइनचा आधार मिळाला. २००३ च्या हेलोला तर २०१४ मध्ये चक्क नवा पॅच आला. मला सगळ्यात गंमत हातात धरून खेळायच्या निंटेंडो डीएसची वाटते. निंटेंडोची वाय-फाय सेवा त्याच महिन्यात, २० मे २०१४ ला बंद झाली. पण डीएसच्या नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर) हाताने टाकायची जागा होती. तिथे चाहत्यांच्या सर्व्हरचा आकडा टाकला की कितीतरी गेम पुन्हा ऑनलाइन! गेमला हातही लावावा लागला नाही. एक रिकामा रकाना, बस.

हेलो २ ची गोष्टही अशीच. मूळ एक्सबॉक्सची लाइव्ह सेवा १५ एप्रिल २०१० ला बंद झाली, पण जे आधीपासून जोडलेले होते त्यांचा सामना एकमेकांच्या कन्सोलवरच चालत होता. मग मूठभर खेळाडूंनी कन्सोल बंदच केले नाहीत! मे महिन्यापर्यंत ते तग धरून होते. एकाचं कनेक्शन गेलं की तो कायमचा बाहेर. हा वेडेपणा आहे हे मान्य, पण खेळ खेळाडूंच्या मशीनवर चालतो याचा याहून चांगला पुरावा मला तरी माहीत नाही.

आता कंपन्यांची बाजू. सर्व्हर कायमचे चालवा असं म्हणणं मूर्खपणाचं आहे, आणि मी ते म्हणत नाही. सर्व्हर कोडमध्ये दुसऱ्यांकडून परवान्यावर घेतलेले भाग असतात, ते वाटता येत नाहीत, हेही खरं. चाहत्यांचंही कधीकधी चुकतं. बॅटलफिल्ड २ जिवंत ठेवणाऱ्या रिव्हाइव्ह प्रकल्पाला गेमची मालक कंपनी ईएने २०१७ मध्ये थांबवलं, तेव्हा आक्षेप गेमच्या बदललेल्या प्रती वाटण्यावरही होता. गेमच फुकट वाटला तर मालक गप्प कसा बसेल? पण मग मालकाने स्वतः काय पर्याय दिला? काही नाही. तिथे माझी सहानुभूती संपते.

"खासगी सर्व्हरवर सुरक्षितता राहत नाही, चीटर माजतात" हे कारण मात्र मला अजिबात पटत नाही. क्वेक आणि काउंटर-स्ट्राइकची सगळी संस्कृती अशाच सर्व्हरांवर वाढली. ॲडमिन चीटरला हाकलायचे, आणि ॲडमिनच टुकार निघाला तर लोक दुसरा सर्व्हर शोधायचे.

गेम खेळाडूंच्या हाती सोपवणं जमतं, आणि कंपनीही बुडत नाही. क्वेक बनवणाऱ्या इड सॉफ्टवेअरने क्वेक ३ चा सोर्स कोड २००५ मध्ये खुला केला. नॉकआउट सिटी जून २०२३ मध्ये बंद करताना बनवणाऱ्यांनी पीसीसाठी खासगी सर्व्हरची आवृत्ती फुकट देऊन टाकली. ईएनेसुद्धा फेब्रुवारी २०२५ मध्ये जनरल्सचा कोड जीपीएलखाली (कुणालाही वापरू आणि बदलू देणारा परवाना) खुला केला. गेमस्पाय गेल्यानंतर जवळजवळ अकरा वर्षांनी, पण केला.

नव्या गेमचं दुखणं जास्त खोल आहे. युबीसॉफ्टच्या द क्रूमध्ये एकट्याने गाडी चालवायलाही सर्व्हर लागायचा. मार्च २०२४ अखेर तो बंद झाला आणि पैसे मोजून घेतलेला गेम कुठल्याच कामाचा राहिला नाही. तिथूनच यूट्यूबर रॉस स्कॉटची स्टॉप किलिंग गेम्स मोहीम निघाली आणि तिच्या युरोपीय याचिकेने जुलै २०२५ मध्ये १० लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. अशा गेममध्ये नुसती वही बदलून भागत नाही, अर्धा गेमच कंपनीच्या सर्व्हरवर असतो. म्हणून निघताना काय मागे ठेवणार, हे गेम बनवतानाच ठरवावं लागेल. बनवून झाल्यावर ते खर्चिक होतं, त्यात कंपन्यांचं म्हणणं बरोबर आहे. म्हणूनच आधी ठरवा!

गेमस्पायच्या वेळी आणखी एक गोष्ट झाली, तिच्याबद्दल फार कुणी बोललं नाही. गेम बनवणारा एक, विकणारा दुसरा, आणि बंद पडलेली सेवा तिसऱ्याची. खेळाडूने दाद मागायची कुणाकडे? ज्याने डिस्क विकली त्याच्याकडे, असं माझं सरळ मत आहे. त्याने वही कुणाकडून भाड्याने घेतली, हा त्याचा प्रश्न.

मी स्वतः आता ऑनलाइन गेम घेण्याआधी तीन गोष्टी बघतो: लॅनवर (एकाच घरातल्या किंवा खोलीतल्या नेटवर्कवर) चालतो का, आयपी टाकून थेट जोडता येतं का, आणि डेडिकेटेड सर्व्हरची, म्हणजे आपल्या मशीनवर नुसता सर्व्हर चालवायची, फाइल मिळते का. (२०१० मध्ये स्टारक्राफ्ट २ लॅनशिवाय आला तेव्हा ओरडणाऱ्यांना लोक हसले होते.) दुकानाच्या पानावर हे सहसा धड लिहिलेलं नसतं. पीसीगेमिंगविकीवर बहुतेक गेमच्या पानावर मल्टिप्लेअरचा तक्ता असतो, तिथे बघा. तुमचा एखादा गेम असा मुका झाला असेल आणि पुन्हा चालू करायची युक्ती सापडली असेल, तर कमेंटमध्ये टाका. गेमचं नाव आणि आवृत्ती तेवढी लिहा, म्हणजे दुसऱ्याला उपयोग होईल.