सरांचा ओटीपी आला का?

विद्यापीठाच्या ई-मेलला हल्ली दोन कुलपं असतात. एक पासवर्डचं, दुसरं मोबाइलवर येणाऱ्या सहा आकड्यांचं. संगणक कक्षातल्या तरुणाने आम्हाला नीट समजावलं होतं, "सर, एक गोष्ट तुम्हाला माहीत असते, दुसरी तुमच्याजवळ असते. दोन्ही जुळल्या की सिस्टीमला कळतं, तुम्ही म्हणजे तुम्हीच." यावर तत्त्वज्ञानाच्या मॅडम काहीतरी बोलणार होत्या, पण तेवढ्यात चहा आला.

एका खात्यामागे एक माणूस असतो, असं त्या बिचाऱ्याने गृहीत धरलं होतं. आमच्या विभागात तसं कधीच नव्हतं. विभागप्रमुखांची मेल क्लार्क अण्णा उघडतात. अण्णा रजेवर असले की मी, आणि परीक्षेच्या दिवसांत कंत्राटी सहायक. मेलची प्रिंट काढून अण्णा फाइलला लावतात, सर तिच्यावर हिरव्या शाईने 'पाहिले' लिहितात. पासवर्ड अण्णांच्या टेबलाच्या काचेखाली, लक्ष्मीच्या फोटोशेजारी. कोणाचीच तक्रार नव्हती.

दुसरं कुलूप आलं आणि त्याची किल्ली सरांच्या खिशात गेली. तेव्हापासून कॉरिडॉरभर एकच घोष, "सरांचा ओटीपी आला का?" सर वर्गात असले तर शिपाई मामा दारात उभे राहतात. सर चष्मा शोधतात, आकडे मोठ्याने वाचतात, मामा ते पाठ करत ऑफिसपर्यंत येतात. मागच्या बाकावरची मुलंही पाठ करतात. एम.ए.च्या वर्गाचं इतकं लक्ष मी एरवी पाहिलेलं नाही.

मामा पोचेपर्यंत आकडे शिळे. हे आकडे फोनमधलं एक ॲप तयार करतं आणि ते दर ३० सेकंदांनी बदलतात. सुरुवातीला क्यूआर कोड स्कॅन करताना फोन आणि सर्व्हर एक गुप्त किल्ली वाटून घेतात. मग दोघंही आपापलं घड्याळ पाहून एकच आकडेमोड करतात. म्हणून फोनला रेंज नसली तरी आकडे येतात. २०११ साली ही पद्धत रीतसर लिहून प्रसिद्ध झाली. तीत थोड्या उशिराला माफी आहे, पण ती फार तर एका टप्प्याची, म्हणजे आणखी ३० सेकंदांची. मामांचे गुडघे तिथे कोणी विचारात घेतलेले दिसत नाहीत.

एकदा मात्र सर स्वतः अण्णांच्या शेजारी बसले, आकडे वेळेत पडले, तरी खातं उघडेना. पुन्हा केलं, पुन्हा नाही. हॅकिंगची कुजबुज सुरू झाली. संगणक कक्षातला तरुण धावत आला, सरांचा फोन हातात घेतला आणि हसायलाच लागला. तासाला उशीर होऊ नये म्हणून सरांनी फोनचं घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवलं होतं. म्हणजे सरांचे आकडे बरोबरच होते, फक्त अजून यायचे होते! त्याने घड्याळ जुळवून दिलं. आता मेल उघडते आणि सर तासाला उशिरा पोचतात.

हे सगळं हवंच कशाला, असं अण्णा विचारतात. मी त्यांना ॲलन शेरची गोष्ट सांगतो. संगणकावर पासवर्ड पहिल्यांदा आले ते एमआयटीत, साठच्या दशकाच्या सुरुवातीला. (अमेरिकेतली एमआयटी, कोथरूडची नव्हे.) तिथे पीएच.डी. करणाऱ्या या शेरला संगणकाचे आठवड्याला चारच तास मिळायचे. १९६२ साली त्याने एका पंचकार्डावर विनंती टाकून सगळ्यांच्या पासवर्डची फाइलच छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या खात्यावर संशोधन पुढे रेटलं. अण्णांचं मत असं की यात पासवर्डचा काही दोष नाही, पीएच.डी.वाल्यांचा आहे.

मग नवी व्यवस्था आली. आकडे वाचायचे नाहीत, फोन विचारतो, 'हे तुम्हीच का?' आणि आपण 'हो' दाबायचं. सरांना ही फार आवडली. रजेचे अर्जही ते असेच मंजूर करतात. जगात असे दयाळू पुष्कळ असावेत. २०२२ च्या सप्टेंबरात उबर कंपनीत एकाने कंत्राटी कर्मचाऱ्याच्या फोनवर अशा विनंत्यांचा इतका मारा केला की शेवटी त्या कर्मचाऱ्याने एक मंजूर केली आणि चोर आत शिरला. त्यामुळे आता संगणकाच्या पडद्यावर दोन आकडी संख्या दिसते, ती फोनमध्ये टाकावी लागते. मायक्रोसॉफ्टने २०२३ च्या मेपासून हे सक्तीचंच केलं.

सक्ती झाली, पण पडदा अण्णांसमोर आणि फोन सरांकडे हे काही बदललं नाही. पूर्वी सर सांगायचे, अण्णा टाइप करायचे. आता अण्णा सांगतात, सर टाइप करतात.

परवा वरून परिपत्रक आलं. 'आपला ओटीपी अथवा पडताळणी क्रमांक कोणत्याही परिस्थितीत दुसऱ्या व्यक्तीस सांगू नये.' ते प्रमुखांच्या खात्यावरून सर्व शिक्षकांना त्याच दिवशी पाठवायचं होतं. सर मुंबईच्या गाडीत, गाडी घाटात, रेंज बोगद्याबोगद्याला जाणारी. अण्णा खिडकीशी उभे राहून फोनवर बेंबीच्या देठापासून ओरडत होते, "सत्तेचाळीस, सर! सदुसष्ट नाही! चार आणि सात!" खाली कॅन्टीनमधून कोणीतरी मदत म्हणून "फोर्टी सेव्हन" असं ओरडलं.

परिपत्रक चारच्या आत सगळ्यांना गेलं.