मिशेल वी वाया गेली हे खोटं आहे

फोंड्यात मी मुलींना बॅडमिंटन शिकवते. गणेश चवथीनंतर एका मुलीचे पप्पा तिची किटबॅग न्यायला आले आणि मोबाइल पुढे केला. "टीचर, हे वाचा. आता दहावी होईपर्यंत खेळ बंद." मजकूर अमेरिकेच्या गोल्फपटू मिशेल वीबद्दल होता. आईबापांनी पुरुषांच्या गोल्फ स्पर्धेत उतरवून तिचं हसं केलं, पैशासाठी शिक्षण बुडवलं, ती लबाडी करताना पकडली गेली आणि पुढे काहीच जिंकली नाही, असं त्यात होतं. आमच्या पालकांच्या ग्रुपवर तो तीनदा आलाय.

हसं? जानेवारी २००४, होनोलुलूची सोनी ओपन. वय १४. पहिल्या दिवशी ७२ फटके, दुसऱ्या दिवशी ६८. पीजीए टूरवर, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक गोल्फ स्पर्धांत, तोवर कुठल्याच बाईने इतक्या कमी फटक्यांत फेरी संपवली नव्हती. कट, म्हणजे शेवटच्या दोन दिवसांत खेळायची संधी, हुकला तो एका फटक्याने. पुढे पुरुषांबरोबरच्या काही स्पर्धांत ती खरंच मागे पडली, पण म्हणून हे ६८ पुसलं जात नाही.

लबाडीचा आरोप मला सगळ्यांत जास्त लागला. ऑक्टोबर २००५, सोळावा वाढदिवस नुकताच झालेला, व्यावसायिक म्हणून पहिली स्पर्धा. झुडपात अडकलेला चेंडू एका फटक्याचा दंड घेऊन बाहेर टाकता येतो, फक्त होलच्या जवळ जाता कामा नये. तिने अंदाजाने टाकला. दुसऱ्या दिवशी एका पत्रकाराने शंका काढली. अधिकारी तिला त्या जागी घेऊन गेले, तिने स्वतः जागा दाखवली, दोरीने मोजलं तर चेंडू फूटभर जवळ निघाला. त्याचा दंड धरलेला नसताना तिने आदल्या दिवशी फटके नोंदवायच्या कार्डावर सही केली होती, म्हणून ती बाद. चौथा क्रमांक गेला, सुमारे ५३ हजार डॉलर गेले. ही चूक होती. लबाडी करणारी मुलगी जागा कशाला दाखवेल?

शिक्षण बुडालं म्हणणाऱ्यांसाठी: व्यावसायिक झाल्यावरही शाळा पूर्ण, २०१२ मध्ये स्टॅनफर्डची पदवी.

आणि जिंकणं. १३व्या वर्षी, २००३ मध्ये, अमेरिकेची विमेन्स अमॅच्युअर पब्लिक लिंक्स ही हौशी महिला गोल्फपटूंची स्पर्धा. एलपीजीएची, म्हणजे महिलांच्या व्यावसायिक टूरची, ५ विजेतेपदं, त्यात २०१४ची यूएस विमेन्स ओपन.

त्या मजकुरात नसलेली एक गोष्ट मात्र पालकांनी वाचायला हवी होती. २००७च्या सुरुवातीला पळताना पडून तिचं मनगट मोडलं, ते नीट बरं होण्याआधीच ती खेळायला उतरली आणि ते वर्ष हातचं गेलं. गेल्या पावसात माझ्याकडची एक मुलगी सुजलेल्या घोट्याला क्रेप बँडेज गुंडाळून मॅच खेळली. मी तिला थांबवायला हवं होतं. आता घोटा, गुडघा, मनगट स्वतः दाबून बघितल्याशिवाय मी कुणालाच कोर्टवर सोडत नाही.

पप्पा, बॅग अजून तुमच्या डिकीत असेल. शनिवारी तिला घेऊन या. रॅकेटचं गटिंग सैल झालंय, ते मी करून घेते.