नाखवा, आधी झेंडा बदला

समजा साल 1865. तुम्ही शांघायचे नाखवा. सपाट तळाचं गलबत घेऊन उत्तरेला न्यूच्वांग बंदरात जायचं आणि सोयाबीन-पेंड भरून आणायची, हा तुमचा पिढीजात धंदा. तो बुडतोय? बुडणारच. स्वतःच्या किनाऱ्यावर चिनी म्हणून जन्माला आलात, चूक तुमचीच.

आधी पेंडीचं बघू. परदेश्यांशी झालेल्या तहाच्या 1858 च्या जकातपत्रकात न्यूच्वांगची पेंड परदेशी जहाजांना बंद होती. 1862 मध्ये ती खुली झाली. परदेशी आगबोटीला वाऱ्याची वाट बघावी लागत नाही, आणि तिच्या मालाला विमाही मिळतो. तुम्ही जाताना त्येनत्सिन बंदरात सरकारी तांदूळ पोचवत होता, येताना पेंड आणत होता. खरी कमाई पेंडीची. ती आगबोटीनं नेली, सरकारी तांदूळ मात्र प्रेमानं तुमच्याकडे ठेवला. बंदराची पट्टीही बघा: परदेशी जहाजानं टनामागे 4 मेस (चांदीचं माप) एकदा भरले की 4 महिने निवांत. तुमच्या गलबताची मात्र रुंदी मोजतात.

माल आत न्यायचाय? विलायती कापडाला 5 टक्के आयात जकात, वर 2.5 टक्के भरून पास घेतला की कुठलाच नाका अडवत नाही. देशी मालाला लीजिन, म्हणजे नाक्यानाक्यावरची जकात. ताइपिंग बंडखोरांशी लढायला 1853 मध्ये बसवलेला हा तात्पुरता कर 1931 मध्ये उठेल, धीर धरा. तोवर नाका आला की शीड उतरवा, गाठोडी सोडा, कारकुनाचं चहापाणी बघा. पुढच्या वळणावर पुन्हा तेच.

उपाय सोपा आहे. एखादा साहेब गाठा. कापसातलं कळत नसलं तरी चालेल, सही येते ना? पास त्याच्या नावावर, माल तुमचा. दलाली आधीच ठरवा, नाहीतर माल पोचल्यावर साहेब म्हणेल, पासावर नाव माझं, मग माल कुणाचा?

गलबतावर परका झेंडा लावलात तर नोंदीची मुदत सांभाळत बसू नका. 1856 मध्ये कँटनला ‘ॲरो’ नावाच्या लोर्चा जातीच्या जहाजावर चिनी शिपाई चढले आणि 12 खलाशी घेऊन गेले. धड युरोपी, शिडं चिनी, मालक चिनी, नोंद हाँगकाँगची. गोरा कप्तान नावापुरता, तोही त्या वेळी दुसऱ्याच बोटीवर. नोंद 11 दिवसांपूर्वीच संपलेली. तरी इंग्रजांनी कँटनवर तोफा डागल्या. त्या लढाईतून 1858 चा तह निघाला, आणि साहेबाच्या नावानं तुम्ही उसना घेतलेला तो अडीच टक्क्यांचा पास त्याच तहातला.